शिधा आणि उपदेश

आपत्तीच्या काळात प्रशासनातील माणसापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे कुठल्या ना कुठल्या नियमपुस्तिकेत सापडतात. नावा किती लागतील, माणशी धान्य किती द्यायचे, पंचनामा कोणी करायचा, मृताच्या वारसाला रक्कम कशी पोचवायची, हे सारे लिहून ठेवलेले असते. एका प्रश्नाचे उत्तर मात्र छावणीत उभे राहूनच द्यावे लागते. मदत घेऊन आलेली संस्था धार्मिक आहे. तिची मदत खरी आहे, लोकांची गरज त्याहून खरी आहे. आणि त्या मदतीबरोबर ती संस्था आपला देवही घेऊन आली आहे. अशा वेळी अधिकाऱ्याने काय करावे?

हा प्रश्न निघाला की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात, असा माझा अनुभव आहे. एक तट म्हणतो, भुकेल्याला जो जेवू घालतो त्याला प्रश्न विचारणारे आपण कोण? सरकारला जे जमत नाही ते तो करतो आहे, त्याने दोन शब्द देवाचे सांगितले तर बिघडले कुठे? दुसरा तट म्हणतो, सेवा हे निमित्त आहे, खरा उद्देश प्रसाराचा; अशांना छावणीच्या फाटकाच्या आत घेऊच नये. दोन्ही मते देणाऱ्याविषयी आहेत. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा विचार दोहोंतही नाही.

माझ्या सेवेची बरीच वर्षे महाराष्ट्राबाहेर गेली. पूर्व किनाऱ्यावरील एका जिल्ह्यात पुरानंतरच्या एका छावणीत घडलेली गोष्ट सांगतो. छावणी एका माध्यमिक शाळेत होती. पाणी ओसरायला लागले होते, पण घरांत गाळ होता आणि रात्री थंडी पडू लागली होती. एका संस्थेचे दोन ट्रक आले. त्यांत तांदूळ, डाळ आणि उत्तम प्रतीची ब्लँकेटे होती. संस्थेचा धर्म कोणता हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे असेच प्रसंग मी वेगवेगळ्या तीन धर्मांच्या संस्थांबाबत पाहिले. संस्थेचे प्रमुख सौजन्यशील गृहस्थ होते. त्यांची योजना अशी, की वाटपापूर्वी अर्धा तास प्रवचन व्हावे, आणि ब्लँकेट देताना प्रत्येकाच्या हाती एक छोटी पुस्तिकाही द्यावी. सक्ती अजिबात नाही, असे त्यांनी मला तीनतीनदा सांगितले, आणि ते मनापासून बोलत होते याविषयी मला शंका नव्हती.

तेवढ्यात रांगेतल्या एका बाईने माझ्या सोबतच्या कारकुनाला हळूच विचारले, "बाबू, पुस्तक नाही घेतले तरी कंबल मिळेल ना?"

या एका वाक्यात सारा प्रश्न आला. सक्ती नव्हती हे खरे. पण सक्ती नाही हे तिला ठाऊक नव्हते, आणि ते पारखून पाहण्याची तिची परिस्थिती नव्हती. ज्याच्या घरात गाळ आहे आणि कडेवर मूल आहे, तो माणूस "नाही" म्हणून पाहत नाही. देणाऱ्याच्या मनात अट नसली तरी घेणाऱ्याच्या मनात ती तयार होते. म्हणून देणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे की नाही, हे शोधत बसण्यात अधिकाऱ्याने वेळ घालवू नये. हेतू कोणाला दिसतो? दिसते ती रांग. घेणाऱ्याला "नाही" म्हणता येते का, आणि तसे म्हटल्यावरही त्याच्या हातातले काही कमी होत नाही ना, एवढेच पाहावे. माझ्या मते या विषयातली ही एकमेव उपयोगी कसोटी आहे.

आम्ही त्या दिवशी केलेली व्यवस्था अगदी साधी होती. वाटप सकाळी, शाळेच्या पटांगणात, छावणीच्या नोंदवहीतील क्रमानुसार आणि आमच्या कर्मचाऱ्यांच्या हातून. प्रवचन संध्याकाळी, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत. ज्याला यायचे तो येईल. पुस्तिकाही तिथेच. फाटकाजवळच्या फळ्यावर स्थानिक भाषेत लिहून ठेवले, की येथील कोणतीही वस्तू घेण्यासाठी प्रार्थना, घोषणा, पुस्तक वा छायाचित्र यांची आवश्यकता नाही. प्रमुखांना हे फारसे रुचले नाही, पण ते थांबले. संध्याकाळी बरेच लोक प्रवचनाला गेले. छावणीतल्या संध्याकाळी लांबच लांब असतात. ती बाई गेली की नाही हे मी पाहिले नाही, आणि पाहण्याचे कारणही नव्हते.

हा वाद आजचा नाही. आपल्याकडे त्याचा एक सव्वाशे वर्षांपूर्वीचा अध्याय आहे आणि तो मराठी माणसाने नीट वाचावा असा आहे. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गमावली होती. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन त्यामागे होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, काही मुली तेथे जाऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. प्रार्थनेचे दार उघडे ठेवणे हे निमंत्रण होते की नुसता मोकळेपणा, यावर तेव्हा एकमत झाले नाही आणि आजही होणार नाही.

पण पुढचा भाग या वादात सहसा सांगितला जात नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. सरकारी अनाथगृहांत तरुण मुलींची काय अवस्था होत होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. केडगावचे स्वरूप उघडपणे ख्रिस्ती होते. आता आपण कोणत्या बाजूने न्याय करणार? ज्या मुलीला दुसरे दारच नव्हते, तिने या दारातून आत जाणे ही तिची निवड होती असे म्हणणे अवघड आहे. आणि ते दार नसते तर ती जगली असती असे म्हणणे त्याहून अवघड आहे. माझ्या मते येथे दोष शोधायचाच तर तो दुसऱ्या दाराच्या अभावात शोधावा. ते दार उघडण्याचे काम सरकारचे होते आणि समाजाचे होते. दोघांनीही ते पुरेसे केले नव्हते.

त्याच दुष्काळात मदतीचे आणखी एक रूप दिसले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ मध्ये सरकारने दुष्काळ संहिता तयार केली होती. मदतीची कामे केव्हा काढावीत, सूट केव्हा द्यावी, याचे नियम तीत होते. पण शेतकऱ्याला त्यांचा पत्ता नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि टिळकांनी या संहितेतील तरतुदी मराठीतून गावोगावी पोचवल्या. तुमचा हक्क काय आहे ते जाणून घ्या आणि मागा, असा त्याचा अर्थ होता. सरकारला हे इतके झोंबले, की १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. एका प्रशासकाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व मला फार वाटते. ज्याला आपला शिधा हक्काचा आहे हे ठाऊक असते, तो दुसऱ्याच्या दानाकडे मोकळ्या मनाने पाहू शकतो. त्याला ते घेता येते आणि नाकारताही येते.

त्याच वर्षी, १८९७ च्या मे महिन्यात, स्वामी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली, आणि त्याच महिन्यात स्वामी अखंडानंदांनी मुर्शिदाबाद जिल्ह्यातील महुला येथे दुष्काळग्रस्तांसाठी मदतकार्य सुरू केले. पुढच्या वर्षी कलकत्त्यात प्लेगची धास्ती पसरली, तेव्हा पैसा कमी पडला तर मठासाठी घेतलेली जमीन विकू, अशी विवेकानंदांची भूमिका होती. मठ म्हणजे ज्या जागेतून धर्माचा प्रसार व्हायचा तीच जागा. ती विकायची तयारी ठेवणाऱ्याने प्राधान्य कशाला दिले होते, हे वेगळे सांगायला नको.

आता कायद्याकडे येऊ. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचे आचरण आणि प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये आपत्तिकार्यासाठी जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्या दहा कलमांतील तिसरे असे, की मदतीचा उपयोग विशिष्ट राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी केला जाणार नाही. संस्थेला स्वतःचे धार्मिक मत असू नये, असे ती म्हणत नाही. मदत त्या मताच्या स्वीकारावर अवलंबून नसावी, एवढेच तिचे म्हणणे आहे.

आपल्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ६१ वे कलम तर एका वाक्याचे आहे : नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव होणार नाही. याच कायद्याच्या ३४ व्या कलमात जिल्हा प्राधिकरणाला स्वयंसेवी संस्थांचे काम न्याय्य आणि भेदभावरहित रीतीने चालेल, हे पाहण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला नवा अध्यादेश नको, नवे आंदोलन नको. त्याच्या हाती जे आहे ते पुरेसे आहे. ते वापरायला मात्र त्याला छावणीत जावे लागते.

कसे वापरता येते याचे एक उदाहरण नागपट्टिणम् जिल्ह्याचे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत एकट्या या जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. देशविदेशातून शेकडो संस्था तेथे आल्या, त्यांत सर्व धर्मांच्या होत्या. जिल्हा प्रशासनाने त्यांच्याशी समन्वय ठेवणाऱ्या केंद्राला जागा दिली आणि रोजच्या बैठकांमधून कोण कुठे काय करणार हे ठरू लागले. पोरक्या झालेल्या मुलांसाठी तामिळनाडू सरकारने स्वतःची निवासगृहे उघडली. हा दुसरा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मोठ्या माणसाला निदान तोंडाने "नाही" म्हणता येते, मुलाला तेही येत नाही. पण याच आपत्तीत दुसरी बाजूही दिसली. मदतीचा ओघ मच्छीमार वस्त्यांकडे गेला आणि अनेक ठिकाणी शेतमजुरी करणारी दलित कुटुंबे मागे राहिली. दुसऱ्याला आपल्यात ओढणे हा जसा एक दोष, तसा केवळ आपल्याच माणसांपुरते पाहणे हा दुसरा. पहिल्यावर आपण फार बोलतो, दुसऱ्यावर फारसे बोलत नाही.

म्हणून धर्मसंस्थांना दूर ठेवावे काय? मुळीच नाही. आपत्तीत सर्वांत आधी पोचणारी, स्वयंपाकाची मोठी भांडी आणि पहाटे उठून राबणारी माणसे एका निरोपावर उभी करणारी दुसरी व्यवस्था आपल्या देशात नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गाझियाबादच्या इंदिरापुरम येथील गुरुद्वाऱ्याने रस्त्यावरच श्वास लागलेल्यांना प्राणवायू पुरवला. २०१८ च्या महापुरात त्रिशूर जिल्ह्यात माळा गावाजवळची मशीद पाण्याखाली होती, तेव्हा शेजारच्या मंदिराने आपले सभागृह ईदच्या नमाजासाठी उघडले. २०१९ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातील कवळप्पारा येथे दरड कोसळली, तेव्हा पोतुकल येथील मशिदीने नमाजाची जागा शवविच्छेदनासाठी दिली, आणि तेथे सर्व धर्मांचे मृतदेह आणले गेले. अनंतपूर जिल्ह्यात सत्य साई न्यासाने १९९५ मध्ये सातशेहून अधिक गावांना पिण्याचे पाणी देणारी योजना उभी केली. नळाखाली घागर धरणाऱ्याला कोणी श्रद्धा विचारू शकत नाही. मदतीचे रूपच असे निवडले, की अटीला जागा उरत नाही.

येथे कोणी म्हणेल, लंगरमध्येही डोके झाकावे लागते, पंगतीत खाली बसावे लागते. ती अट नव्हे काय? मला वाटते, शिष्टाचार आणि अट यांत फरक आहे, आणि तो घर कोणाचे यावर ठरतो. मी गुरुद्वाऱ्यात गेलो तर तेथील रीत पाळणे हे माझे सौजन्य. पण कोणी माझ्या पडलेल्या घराच्या दारात भाकरी घेऊन आला, तर तेथे रीत माझ्या घराची. आपत्तिग्रस्ताची छावणी हेच त्या काळापुरते त्याचे घर असते, हे लक्षात ठेवले की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

आणखी एक बाब. माणसाला संकटात केवळ तांदूळ लागत नाही. ज्याचे प्रेत सापडले नाही त्याच्या आईला सरकारी आदेशाने समाधान मिळत नाही. तिला पुरोहित हवा असतो, मौलवी हवा असतो, पाद्री हवा असतो. तो मिळवून देणे हेही प्रत्यक्ष मदतीतच मोडते आणि अधिकाऱ्याने त्यात संकोच बाळगू नये. अर्थात मागणी तिच्याकडून आली पाहिजे, आणि मागितलेला धर्म तिचा असला पाहिजे.

हे नियम प्रशासनाने प्रथम स्वतःला लावावेत. सरकारी वाटपाचा आरंभ एखाद्या पूजेने करणाऱ्या अधिकाऱ्याला दुसऱ्याचे प्रवचन थांबवण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. आणि शिध्याच्या पिशवीवर पुढाऱ्याचा फोटो छापणे हेही त्याच जातीचे आहे. त्यात देवाऐवजी पुढारी आहे, इतकेच. घेणाऱ्याकडून कृतज्ञता वसूल करण्याची वृत्ती दोन्हींत एकच.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्याकडे आपण संतकथा म्हणून पाहतो. मला तीत एक महसुली अधिकारीही दिसतो. दुष्काळात त्याने उघडले ते कोठार सरकारी होते. कथेत कोठारावर आलेल्यांना कोणी भजन म्हणायला लावले, असे कुठेही नाही. विठ्ठल येतो तो शेवटी, बादशहाकडे रक्कम भरायला. धान्य नेणाऱ्यांच्या रांगेत तो कोणाला अडवत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण मराठी लोक, गावोगावच्या मंडळांतून, गणेशोत्सवातून, कार्यालयांतून अशा प्रसंगी वर्गणी गोळा करतो आणि मग कोणाला द्यावी याचा विचार करतो. माझी सूचना एवढीच, की संस्थेचा धर्म पाहू नये. तीन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. वाटपाची यादी कशावरून करता, आपल्या लोकांच्या माहितीवरून की गावच्या नोंदवहीवरून? वाटप आणि उपदेश यांची वेळ, जागा आणि माणसे वेगळी ठेवता का? आणि लहान मुलांना तुम्ही ताब्यात घेता, की बाल कल्याण समितीपुढे नेता? ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही, तिला निःशंक मनाने द्यावे. मग तिच्या दारावर कोणतेही चिन्ह असो.

राहिले ते सरकारचे काम. आमिषाविरुद्ध कायदे करणे सोपे आहे. अनेक राज्यांनी ते केले आहेत. पण आमिषाला जोर येतो तो भुकेमुळे, आणि भूक टिकते ती शिधा उशिरा आल्यामुळे. ज्या छावणीत तिसऱ्या दिवशी सरकारी धान्य पोचलेले असते, तेथे कोणाच्याही पुस्तिकेची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. तेथे माणूस प्रवचनाला गेला तर ऐकायला जातो, आणि नाही गेला तरी रात्री त्याच्या अंगावर पांघरूण असते.